जुन्या स्पोर्ट्स कारमधली गळती आणि विजेचे बिघाड : कोकणातल्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या शेडमध्ये जुनी दोन-सीटर गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. ब्रिटिश एमजीबी असो, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ असो की गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, किनाऱ्यावर दुखणी साधारण सारखीच असतात. आमचा अनुभव असा की इथे पाणी आणि वीज हे दोन वेगळे विषय नाहीतच. आधी पाणी कुठून शिरतं ते शोधा, मग अर्थिंग (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) तपासा. पार्ट बदलायचा विचार सगळ्यात शेवटी.

एकाच आठवड्यात हॉर्न बसला, वायपर मंदावला, डॅशबोर्डचे दिवे फडफडायला लागले. सुरुवात कुठून करू?

तीन वस्तू एकदम खराब होत नाहीत. त्या तिघींना मिळून जे काही लागतं, ते खराब झालेलं असतं : अर्थिंगचा बोल्ट, फ्यूज बॉक्स किंवा इग्निशन स्विचमागचा कनेक्टर. आधी फ्यूज बॉक्सच्या खालून आणि मागून हात फिरवा. ओल लागली तर वायरिंगला हात लावण्याआधी पाणी बंद करा, नाहीतर आज केलेलं काम आठवडाभरात पुन्हा करावं लागेल.

मग बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मल्टीमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, तोवर बाकीची कोणतीही मोजणी भरवशाची नाही. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन थोडं रेस करून धरल्यावर अल्टरनेटरच्या गाडीत १३.८ ते १४.४ यायला हवेत. त्याहून कमी असेल तर बेल्टचा ताण आणि अल्टरनेटरच्या वायरी बघा. १४.८ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर गेलाय आणि बॅटरीचं पाणी आटतंय. डायनॅमोच्या (अल्टरनेटरआधीच्या जुन्या जनरेटरच्या) गाडीत आयडलला हेडलाइट लावले की चार्जिंग बंद पडतं. तो दोष नाही, डायनॅमोचा स्वभावच तसा.

अर्थिंग तपासायची खात्रीची पद्धत कोणती? मीटर तर बीप देतो.

बीपवर विसंबू नका. थिंबलमध्ये (वायरीच्या टोकाच्या धातूच्या कड्यात) तीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो, कारण त्याला मिलिअँपिअरच पुरतात. हेडलाइटचे चार-पाच अँपिअर जायला लागले की तीच जागा दगा देते. म्हणून मोजणी नेहमी भार चालू ठेवून करायची.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, म्हणजे क्लँपवर नव्हे, शिशाच्या खांबावरच टेकवा. दिवा चालू करा आणि लाल प्रोब दिव्याच्या अर्थच्या टोकाला लावा. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम, ०.२ चालेल. ०.५ किंवा त्याहून जास्त आलं तर तेवढे व्होल्ट वाटेत कुठेतरी जळतायत. आता लाल प्रोब वाटेवरून एकेक पायरी सरकवत न्या : क्लँप, केबल, थिंबल, बोल्ट, पत्रा. आकडा जिथे उडी मारेल, दोष तिथेच. उदाहरणार्थ, थिंबलवर ०.०६ आणि एक सेंटिमीटर पलीकडे उघड्या पत्र्यावर ०.७८ दिसले, तर त्या एका सेंटिमीटरमध्ये सगळं आहे. बोल्ट काढल्यावर थिंबलखाली रंगाचं कडं आणि गंजाची तपकिरी पूड सापडते.

पत्रा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबलचा तळही घासा, दात असलेला वॉशर घाला आणि घट्ट आवळा. आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस चोपडा. हा शेवटचा थर खाऱ्या हवेसाठी आहे, तो टाळू नका. इंजिन आणि बॉडी यांच्यामधली विणलेली पट्टी विसरू नका : सेल्फ मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीचा खांब यांच्यात ०.३ व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर ती पट्टी बदला. ती पट्टी गेली की सेल्फचा करंट क्लचच्या किंवा चोकच्या केबलमधून परत जायला बघतो आणि केबल तापून वितळते.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीमध्ये पॉझिटिव्ह अर्थ असतो. तिथे हे सगळं उलट धरायचं, आणि बॅटरी काढताना आधी अर्थची केबल काढायची असल्याने तिथे पॉझिटिव्ह आधी.

इंडिकेटर लावला की त्याच बाजूचा टेललॅम्पही मिणमिणतो.

टेललॅम्पची अर्थ गेली आहे. करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतोय. होल्डर काढून साफ करा, सोबत दिव्याचं गॅस्केटही बघा, कारण बहुतेक वेळा पाणी तिथूनच आलेलं असतं. इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर लुकलुकत असेल तर एक बल्ब गेलाय किंवा त्याची अर्थ.

पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा, दोन्ही काटे एकदम वर चढले.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत डॅशबोर्डमागे या दोन काट्यांसाठी १० व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो. त्याची अर्थ सुटली की दोन्ही काटे जास्त दाखवतात. इंजिन तापलेलं नाही याची खात्री करा आणि त्या डबीचा स्क्रू काढून साफ करा. दहा मिनिटांचं काम आहे, डॅशबोर्डवरचे काटे बदलायला जाऊ नका.

गाडी फायबर बॉडीची आहे. वेगळं काय?

सॅन स्टॉर्मसारख्या गाडीत बॉडीतून करंट परत जात नाही. प्रत्येक दिव्याला, मोटरला अर्थची स्वतंत्र वायर असते. गडबड होते ती नंतर बसवलेल्या वस्तूंत : नवा हॉर्न किंवा फॉग लॅम्प बसवताना अर्थची वायर जवळच्या बिजागरीच्या स्क्रूला अडकवतात. ते बिजागर फायबरला जोडलेलं, त्यामुळे अर्थ कुठेच पोचत नाही, किंवा दाराच्या केबलमधून अर्धवट पोचते. आमचा सल्ला : पुढे एक आणि मागे एक अशा पितळी पट्ट्या बसवा, दोन्ही किमान ६ स्क्वेअर मिलिमीटरच्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, आणि सगळ्या अर्थ त्या पट्ट्यांवर आणा. आणि फायबर गंजत नाही म्हणून साचलेल्या पाण्याकडे दुर्लक्ष करू नका. खालची फ्रेम आणि बोल्ट लोखंडाचेच असतात.

चार दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते.

आधी हिशोब. २०० मिलिअँपिअरची गळती म्हणजे दिवसाला ४.८ अँपिअर-तास. ४० अँपिअर-तासाची बॅटरी त्या वेगाने चार दिवसांत अर्धी होते. घड्याळ आणि रेडिओ असलेल्या जुन्या गाडीत ५० मिलिअँपिअरच्या आत राहायला हवं, नुसतं घड्याळ असेल तर २० च्याही आत.

मोजायचं असं : दारं बंद करा किंवा दाराचे स्विच चिमट्याने दाबून ठेवा, बूटमधला बल्ब काढा, किल्ली बाहेर ठेवा. बॅटरीची अर्थ केबल काढून केबल आणि खांब यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत घालून जोडा. मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका, दारसुद्धा उघडू नका. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्या फांदीवर चोर आहे. सगळे फ्यूज काढूनही आकडा पडला नाही तर फ्यूज नसलेल्या फांद्या बघा. अल्टरनेटरचा प्लग काढल्यावर पडला, तर डायोड गेलाय. एमजीबीसारख्या गाडीत हेडलाइटच्या वायरीला मुळातच फ्यूज नसतो.

किनाऱ्यावर आणखी एक कारण असतं, आणि ते फ्यूज काढून सापडत नाही. बॅटरीच्या पाठीवर खारट ओलीचा पातळ थर बसतो. मीटरची काळी प्रोब निगेटिव्ह खांबावर ठेवा आणि लाल प्रोब बॅटरीच्या नुसत्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर करंट त्या थरातून वाहतोय. झाकणं घट्ट बंद असल्याची खात्री करून पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून कापडाने पुसा, मग साध्या पाण्याने पुसा, कोरडं करा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा.

माझदा एमएक्स-५ ची बॅटरी बूटमध्ये असते. तिथे साधी बॅटरी बसवली असेल तर वायू बाहेर नेणारी नळी जोडलेली आहे ना ते बघा. नसेल तर आजूबाजूचा पत्रा आम्लाने खाल्ला जातो. १९७४ पर्यंतच्या एमजीबीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि त्यांना जोडणारी मधली केबल नेहमी दुर्लक्षित राहते.

हेडलाइट मंद आहेत. जास्त वॅटचे बल्ब लावू का?

नको. जुना स्विच आणि जुनी वायर आणखी तापेल. ५५ वॅटच्या दोन बल्बना मिळून नऊ अँपिअरहून जास्त लागतात आणि ते सगळे त्या जुन्या स्विचमधून जातात. बल्बला दहा टक्के व्होल्ट कमी मिळाले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. आंबोलीच्या धुक्यात हा फरक फार मोठा असतो.

रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवा, डिमसाठी एक आणि अप्परसाठी एक. ३० नंबरच्या टोकाला बॅटरीहून १५ अँपिअरच्या फ्यूजमधून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर, ८७ हून बल्बला तेवढीच वायर, ८६ ला आधी बल्बला जाणारी जुनी वायर, ८५ ला अर्थ. बल्बच्या अर्थच्या वायरीही त्याच जाडीच्या करा, नाहीतर निम्मा फायदा वाया जाईल. रिले तोंड खाली करून बसवा, म्हणजे पाणी आत साचणार नाही.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो.

फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब वायरींनी जोडा. शॉर्ट असेल तोवर तो लख्ख पेटेल आणि करंट दोन अँपिअरच्या आत राहील. आता हार्नेस (वायरींची जुडी) जागोजाग हलवा, विशेषतः बल्कहेडमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) जाते तिथे, दाराच्या बिजागरीपाशी आणि बूटच्या झाकणापाशी. बल्ब विझला ती जागा. सिगारेटची चांदी गुंडाळून काम भागवण्याचा विचारही करू नका, गाडी जळते.

एक खास बाब : लुकास कंपनीचं विजेचं सामान असलेल्या ब्रिटिश गाड्यांच्या काचेच्या फ्यूजवरचा ३५ हा आकडा फ्यूज उडायचा आहे, सतत वाहायचा करंट १७ अँपिअर. बाजारातला साधा ३५ चा फ्यूज घातला तर वायर आधी जळेल. तिथे १५ ते २० अँपिअरचा घाला.

पावसाळ्यात सकाळी गाडी चालू होत नाही, दुपारी होते.

डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आतून बघा. दोन पितळी टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर स्पार्क तिथून पळतोय. ती रेघ घासून जात नाही, कॅप बदला. नुसता दमटपणा असेल तर कोरड्या कापडाने पुसून भागतं. रात्री अंधारात इंजिन चालू करून प्लगच्या वायरींवर स्प्रेच्या बाटलीने अगदी हलका तुषार मारा. निळ्या ठिणग्या दिसल्या की वायरी बदलायच्या. हात लांब ठेवा.

पायाखाली पाणी साचतं. पावसाचंच असेल का?

बोट बुडवून बघा. चिकट, गोडसर वासाचं असेल आणि काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर ते कूलंट आहे, हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. एसी चालवल्यावरच येणारं स्वच्छ, थंड पाणी म्हणजे एसीची निचरा-नळी तुंबली. पेडलजवळ तेलकट थेंब आणि खालचा रंग फुगलेला असेल तर ब्रेक किंवा क्लचच्या मास्टर सिलिंडरचं ऑइल आहे. ब्रेकचं असेल तर दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नका. या तिन्हींत बसत नसेल तर पाऊस.

पावसाची गळती नेमकी शोधायची कशी?

पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं नसतं. काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेला थेंब खांबाच्या आतून उतरतो, हार्नेस धरून पुढे सरकतो आणि सीटखाली दिसतो. म्हणून कार्पेट आणि दाराची खालची ट्रिम काढल्याशिवाय सुरुवात करू नका.

आतला पत्रा कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेर नळी धरायची. नळीला नोझल लावू नका, नुसतं वाहतं पाणी हवं. प्रेशर वॉशर तर अजिबात नको, तो धडधाकट रबरातूनही पाणी आत घालतो. सुरुवात खालून : सिलपाशी (दाराखालच्या पोकळ पट्टीपाशी) पाच मिनिटं, मग दाराच्या रबराचा खालचा भाग, मग बाजू, मग काचेचा तळ, मग वरचा कोपरा, शेवटी सॉफ्ट टॉपची शिवण. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. पावडरीत पहिली ओली रेघ उमटेल ती खडूने खुणेची करून उलट वर शोधत जा.

पाणी न वापरताही तपासता येतं. काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगात सोडा आणि बाहेरून रबराच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. जिथे धूर बाहेर ढकलला जातो, तिथे फट आहे. रबराची पकड बघायला दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर रबर बसलंय किंवा दाराचा स्ट्रायकर (कुलूप अडकतं ती खुंटी) सरकवायला हवा.

निचऱ्याची भोकं कुठे असतात आणि साफ कशाने करायची?

पुढच्या काचेखाली जाळीमागे एक पन्हळ असते. किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीत तिथे सुईसारख्या काड्यांची गादी बसते. त्यात जांभ्याची लाल माती मिसळली की बूच तयार होतं. पाणी पन्हळीतून वर चढतं आणि ब्लोअरच्या तोंडातून थेट आत, बहुधा फ्यूज बॉक्सवर. काड्या हाताने आणि व्हॅक्युमने काढा, पाण्याने आत ढकलू नका.

एमएक्स-५ मध्ये सॉफ्ट टॉपचं पाणी सीटच्या मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून मागच्या चाकांच्या पुढे खाली पडतं. नळी तुंबली की पाणी सिलमध्ये उतरतं आणि सिल आतून कुजतो. बाहेरून रंगावर फोड दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. गवत कापायच्या मशीनची दोन मिलिमीटर जाडीची नायलॉन दोरी घ्या, टोक लायटरने गोल करा आणि हळूहळू फिरवत घाला. टणक तार नळीला भोक पाडते, कॉम्प्रेसरची हवा नळी जोडापासून उडवते. मग लिटरभर पाणी ओता. ते खाली मोकळं आणि लगेच पडायला हवं. रोहिणी नक्षत्रात एकदा हे केलंत तर मृगाला धास्ती नाही.

दाराच्या तळातून पाणी आत येतं, रबर तर नवं आहे.

काचेवरून पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांतून बाहेर जावं अशीच रचना आहे. ती भोकं मोकळी करा. ट्रिमच्या मागचा प्लास्टिकचा कागद फाटला किंवा सुटला असेल तर पाणी ट्रिमवर येतं. जाड प्लास्टिक कापून ब्युटाइल टेपने चिकटवा आणि त्याचं खालचं टोक दाराच्या आत वळवा.

काचेच्या रबराला सिलिकॉन भरलं तर?

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, ते पत्रा आणि तांबं दोन्ही खातं. शिवाय पुढे काच काढताना आणि रंग देताना त्रास होतो. रबर लवचिक असेल तर न सुकणारं ब्युटाइल सीलंट रबराच्या ओठाखाली भरा. रबर कडक होऊन तडे गेले असतील तर बदलणं हाच उपाय.

वायरीच्या टोकाला हिरवं चढलंय. घासून चालेल?

वायरीचं आवरण मागे सोलत जा. तांब्याच्या तारांमधून पाणी वातीसारखं चढतं, त्यामुळे बाहेरून ठीक दिसणारी वायर आत वीतभर काळी निघते. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही आणि क्रिंपही टिकत नाही. लाल-चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा आणि नवा तुकडा जोडा. नीट क्रिंप करा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह तापवून बसवा. मासेमारी बंदराजवळच्या दुकानांत बोटींसाठी टिन चढवलेली वायर मिळाली तर तीच घ्या, ही खारी हवा तिला सोसते. कनेक्टरच्या आधी वायरीला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे थेंब झोळावरून गळेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही.

कार्पेट वरून कोरडं लागतं, तरी वास जात नाही.

खालचा फेल्ट भिजलेला आहे. जुलैत कोकणात गाडी बंद ठेवून तो वाळत नाही, उलट ती वाफ डॅशबोर्डमागच्या कनेक्टरवर जाऊन बसते. सगळं बाहेर काढा, पडवीत बांबूवर टांगून पंखा लावा, दोन-तीन दिवस. फेल्ट कुजला असेल तर त्याजागी पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम घाला. पुन्हा घालण्यापूर्वी पत्र्यावरचा गंज काढून प्रायमर द्या.

गाडी पुराच्या पाण्यात बुडाली.

चिपळूणला जुलै २०२१ मध्ये किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवू नका, ‘फक्त बघायला’ म्हणूनसुद्धा नाही. बॅटरीची अर्थ काढा. पाण्याची रेघ कुठवर आहे ते खुणेने नोंदवा. चिखल वाळायच्या आत कनेक्टर उघडून स्वच्छ पाण्याने धुवा. खारं पाणी शिरलं असेल तर भरपूर गोड्या पाण्याने, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने, मग हवेने कोरडे करा. इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल तपासा. दुधाळ झालं असेल तर बदला, आणि प्लग काढून इंजिन हाताने फिरवल्याशिवाय सेल्फ मारू नका. सेल्फ आणि अल्टरनेटर उघडावेच लागतात.

चार महिने गाडी उभी ठेवायची आहे.

सॉफ्ट टॉप वर करून ठेवा. ओला टॉप घडी केला की बुरशी धरते आणि मागची प्लास्टिकची काच घडीवर तडकते. ताडपत्री अंगाला लावून झाकू नका, आतून घाम सुटतो. हवा खेळणारं कापडी कव्हर घाला आणि वर छप्पर असेल तर काचा बोटभर उघड्या ठेवा. उंदरांसाठी हार्नेसजवळचा कचरा, काथ्या, सुकलेली पानं काढा, एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि पंधरवड्याला बॉनेट उघडून बघा. दर आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करणं नुकसानीचं आहे, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं आणि बॅटरीतून गेलेलं परत भरत नाही. उघडीप मिळाली तर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर चालूच करू नका. वीज जाते-येते अशा ठिकाणी वीज परतल्यावर आपोआप सुरू होणारा मेंटेनन्स चार्जर घ्या. तो नसेल तर बॅटरी काढून घरात ठेवा आणि महिन्याला एकदा १२.६ पर्यंत चार्ज करा.